ओमदुर्मानची एस्तेर

एस्तेरच्या धाकट्या भावाचा, योएलचा, फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत भाजीवाल्यासमोर उभी होते. "नलूताई, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मला रडू आलं नाही. इतकी वर्षं नर्सिंग केल्यावर माणूस आधी प्रश्न विचारतो. "शुद्धीवर होती का रे?" मी विचारलं. "होती. पाणी मागितलं. मग अरबीत काहीतरी बोलली, चांगली दोन-तीन वाक्यं. आम्हाला कोणाला कळलं नाही..." मेथीची जुडी तशीच ठेवून मी कल्याणला निघाले. रिक्षात बसल्यावर मनात एकच गोष्ट घोळत होती. कोळसेवाडीत वाढलेली, मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ असलेली ही मुलगी, शेवटच्या घटकेला तिला मराठी सापडू नये? की ती आमच्याशी बोलतच नव्हती?

एस्तेर पाटोळे आणि मी ठाण्यात नर्सिंगला एका वर्गात होतो. मी बाळकुमची, आगऱ्यांच्या घरातली. ती कल्याणची. वडील अमोसकाका वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लेथवर होते आणि रविवारी मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेश करायचे. मूळचे नगर जिल्ह्यातले. त्यांच्याकडे एकमेकांना भेटल्यावर "सलाम" म्हणायची पद्धत होती. एस्तेर पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा दारातच माझ्या आईला हात जोडून "सलाम, मावशी" म्हणाली. आईने तिला पोटभर मासे-भात वाढला, आणि ती गेल्यावर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ही पोर मुसलमानाची हाय का गो?" मी सांगितलं, ख्रिस्ती आहे. आई गोंधळली. "मंग सलाम कसा बोलते?" एस्तेरला हे सांगितलं तर ती इतकी हसली की होस्टेलच्या वॉर्डनबाई वर आल्या. पुढे सुदानमधल्या ओमदुर्मानहून सुट्टीवर आली की ती आईला मुद्दाम दारातूनच सलाम घालायची, आणि आई म्हणायची, "ये गो बाय, तू आता खरीच सलामवाली झालीस."

खडवलीचा एक दिवस मला नीट आठवतो. तिथे नदीवर त्यांच्या मंडळीतल्या काहीजणांचा बाप्तिस्मा होता, त्यात एस्तेरही होती. मला वाटलेलं, हे सगळं लहानपणीच होत असणार. ती म्हणाली, "नाही गं. मी केव्हाची मागे लागलेय. बाबा म्हणायचे, थांब. माझ्यासाठी घेऊ नकोस, आईसाठी घेऊ नकोस. अजून थांब." पाणी कमरेएवढं होतं. अमोसकाका आणि मंडळीचे पाळक दोन्ही बाजूंनी तिला धरून उभे होते. ती पाण्याखाली गेली आणि वर आली तेव्हा तिला ठसका लागला, नाकातोंडात पाणी गेलेलं, आणि ती खोकता खोकता हसत होती. काठावरच्या बायका गाणं म्हणत होत्या. घरी येताना तिचे केस ओलेच होते. तिने मला सांगितलं, "बाबांनी मला थांबवलं ना, त्याचा मला इतका राग यायचा. आज कळलं का थांबवलं." हे वाक्य मी तेव्हा सहज ऐकलं आणि सोडून दिलं.

अमोसकाका गेले आणि त्यानंतर थोड्याच काळात एस्तेर सुदानला निघाली. ओळखीच्या एका पाळकांनी सांगितलं होतं की ओमदुर्मानला, म्हणजे खार्तूमच्या पलीकडे नाईलच्या काठी, चर्चच्या लोकांचा एक छोटा दवाखाना आहे, बाळंतपणं करायला नर्स हवी आहे. दोन वर्षांचा करार होता. "दोन वर्षांत येते," म्हणाली. तेव्हा आम्ही दोघीही तिशीच्या पुढे गेलेल्या. माझी मुलं शाळेत होती, तिचं लग्न जमता जमता राहिलेलं. दोन वर्षांची चार झाली, चाराची दहा, आणि मग आम्ही मोजायचं सोडलं. दर दोन-तीन वर्षांनी यायची. दर वेळी थोडी काळवंडलेली, थोडी बारीक, आणि मराठीत एक एक शब्द शोधत बोलणारी. जाताना माझ्याकडून कोकम आणि सुका जवळा घेऊन जायची.

तिथल्या दिवसांबद्दल ती तुकड्यातुकड्यांनी सांगायची. दवाखान्याला क्रूस नव्हता, नावाची पाटीसुद्धा एकदा काढायला लावलेली. मंडळी म्हणजे बहुतेक डोंगराळ भागातून आलेली नूबा माणसं, शहरात हमाली आणि धुणीभांडी करणारी. रविवार हा तिथे कामाचा दिवस, म्हणून उपासना शुक्रवारी, मातीच्या भिंतींच्या एका आवारात, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने. दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपल्या धर्मात आणायला बंदी. कोणी तक्रार केली तर दवाखाना बंद, आणि ज्याने धर्म सोडला त्याचं काय होईल ते सांगता येत नाही. मी एकदा स्पष्टच विचारलं, "एस्तेर, खरं सांग. तू तिथे लोकांना ख्रिस्ती करायला गेलीस का?" ती रागावली नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मी गेले तेव्हा मनात तेच होतं, खोटं कशाला बोलू? वाटायचं, मी चांगली वागेन, लोक विचारतील, तू अशी कशी, मग मी सांगेन. पण तिथे माझ्यापेक्षा चांगल्या वागणाऱ्या बायका गल्लीत भरल्या होत्या गं. रमजानमध्ये रोज संध्याकाळी कोणी ना कोणी माझ्यासाठी ताट घेऊन यायचं. मी त्यांना काय सांगणार होते?"

त्या बायकांमध्ये एक झैनब होती. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहणारी विधवा. ती किसरा करून विकायची, म्हणजे ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी. एस्तेर म्हणायची, आपल्या घावनाची चुलत बहीण. झैनबला एकच मुलगी, हलिमा. तिला एस्तेरने दवाखान्यात कामाला घेतलं, हाताखाली शिकवलं, आणि दोन-तीन वर्षांत ती मुलगी एकटीने बाळंतपण करू लागली. एस्तेरच्या फोनमध्ये तिचा एक फोटो होता, दोन्ही हातांत जुळी घेऊन उभी, आणि चेहरा असा की जणू तिनेच जन्म दिला. एस्तेर तिच्याबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही. माझ्या मुलांच्या मार्कांबद्दल मी बोलते ना, तसं.

मग लढाई सुरू झाली. देशातल्याच दोन फौजा एकमेकांवर तुटून पडल्या आणि शहराच्या मधोमध तोफा आल्या. भारतीयांना बाहेर काढायला सुरुवात झाली तेव्हा योएलने किती फोन केले, मी केले. एकदा लागला. "दोघी अडलेल्या आहेत आत, त्यांना टाकून कशी येऊ?" म्हणाली. गाड्या गेल्या, ती राहिली. दवाखान्यावर गोळा पडला तेव्हा ती आणि हलिमा मागच्या पडलेल्या भिंतीतून झैनबच्या घरात शिरल्या, आणि तेव्हापासून त्या तिघी एकाच खोलीत राहिल्या. आम्हाला हे सगळं नंतर कळलं. मधले कित्येक महिने फोनच नव्हता. माझी आई तेव्हा हयात होती, ती रोज दिवा लावताना विचारायची, "सलामवालीचा काय कळला का गो?"

हलिमा त्या काळातच गेली. पाणी संपलं म्हणून सकाळी ती नळावर गेली आणि बाजारावर गोळे पडले. शेजाऱ्यांनी तिला घोंगडीत घालून आणलं. कब्रस्तानापर्यंत जाण्याची सोय नव्हती, म्हणून अंगणातच लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणला. एस्तेर सांगायची, झैनब रडली नाही, ती फक्त सगळ्यांना पाणी विचारत होती, आणि घरात पाणी नव्हतं. पुढे त्या भागात परक्या माणसांची घरोघर चौकशी सुरू झाली. तेव्हा झैनबने एस्तेरला आपल्यासारखा तोब नेसवला आणि दोघी बसने शहराबाहेर निघाल्या. तोब म्हणजे तिथल्या बायकांचं साडीसारखं लांब वस्त्र, डोक्यावरून घेतलेलं. एस्तेरचा रंग त्यांच्यात मिसळून जाणारा होता, बोली मात्र ऐकताच कळली असती. म्हणून प्रत्येक नाक्यावर झैनब सांगायची, ही माझी बहीण, गोळा पडल्यापासून हिची वाचा गेलीय. एका नाक्यावर सैनिकाने एस्तेरच्या तोंडासमोर बंदूक धरली आणि म्हणाला, निदान कलमा तरी म्हणेल ना? झैनब त्याच्या अंगावर ओरडली, "माझी मुलगी पुरून आलेय मी, आणि तू माझ्या बहिणीची परीक्षा घेतोस?" त्याने बस सोडली. अशी मजल दरमजल करत त्या इजिप्तच्या हद्दीपलीकडे गेल्या. झैनब कैरोत भावाकडे राहिली. एस्तेर तिथून कल्याणला आली, एक पिशवी घेऊन.

विमानतळावर मी गेलेले. तिला पाहिलं आणि ओळखायला वेळ लागला. योएलच्या फ्लॅटमध्ये मागची खोली तिला दिली. वहिनी मनापासून करायच्या, पण एस्तेर घरात असून नसल्यासारखी. लग्नाच्या वरातीतले फटाके वाजले की ती उठून भिंतीला पाठ लावून उभी राहायची. चर्चमधले लोक तिला भाषणाला बोलवायचे. एका ठिकाणी गेली. तिथे सूत्रसंचालन करणाऱ्याने "शत्रूंच्या देशात दीप लावून आलेली आपली बहीण" अशी ओळख करून दिली. एस्तेर माईकसमोर उभी राहिली, म्हणाली, "मला ज्यांनी वाचवलं ते शत्रू नव्हते," आणि खाली येऊन बसली. पुन्हा कोणी बोलावलं नाही.

त्याच वर्षी योएलच्या घरी प्रार्थनेला दहा-बारा माणसं जमलेली असताना बिल्डिंगमधले आणि बाहेरचे काही पुरुष वर आले. मीही तिथे होते, तिच्यासाठी आलेले. "इथे काय चाललंय? कोणाचं धर्मांतर चाललंय?" त्यातल्या एकाने प्रत्येकाला नाव विचारायला सुरुवात केली. माझ्याकडे आला. मी म्हटलं, "नलिनी भोईर, बाळकुम. पुढे विचारा." तो जरा बावरला. योएल शांतपणे बोलत राहिला, हळूहळू ते खाली गेले, पण दर आठवड्याची प्रार्थना त्या दिवसापासून बंद झाली. एस्तेर कुठे दिसेना. बाथरूमचं दार आतून लावलेलं. खूप वेळ हाका मारल्यावर तिने उघडलं. म्हणाली, "नलू, तिथे पण हेच विचारायचे. अगदी ह्याच आवाजात. मला क्षणभर कळेचना, उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं."

तिच्या किडन्या तिथेच खराब झाल्या होत्या, पाण्यावाचून, औषधांवाचून. ठाण्यात डायलिसिस सुरू झालं. वागळे इस्टेटजवळच्या एका सेंटरमध्ये मी तिच्यासोबत बसायचे. नळ्यांतून रक्त फिरत असताना माणूस एक तर झोपतो नाही तर बोलतो. एका दुपारी ती डोळे मिटूनच म्हणाली, "हलिमाने माझ्याकडे बाप्तिस्मा मागितला होता."

मी खुर्ची तिच्या उशाशी ओढली.

"लढाईच्या आदल्या वर्षी. मी तिला कधी एक शब्द सांगितला नव्हता, शपथेवर सांगते. तिनेच शास्त्र मिळवून वाचलेलं. म्हणाली, मला पाळकांकडे घेऊन चल. आमच्या मंडळीतलं एक कुटुंब तेव्हा दक्षिण सुदानात, जुबाला निघालेलं, तिथे असली भीती नाही. ते तिला मुलगी म्हणून नेणार होते. आणि मी म्हटलं, थांब. आईला सांगितल्याशिवाय नाही. ती रडली. म्हणाली, आईला सांगितलं तर आई मरेल. मी म्हटलं, मग थांब... नलू, ते लोक जुबाला पोचले. सगळे सुखरूप आहेत. मुलांचे फोटो पाठवतात मला."

"तू बरोबरच केलंस," मी म्हटलं.

तिने डोळे उघडले. "मला बरोबर-चूक नको सांगूस गं. मी तिच्या आईच्या घरात राहिले. तिच्या आईच्या हातचं खाल्लं. तिच्या आईने माझ्यासाठी बंदुकीसमोर छाती पुढे केली. आणि मला रोज वाटायचं, आज सांगू, आज सांगू. सांगितलं असतं तर? तिने मला बाहेर काढलं असतं, किंवा नसतं. पण मी जिवाच्या भीतीने गप्प बसले की तिचं दुःख वाढू नये म्हणून, तेच मला आता कळत नाही. प्रार्थना करायला बसले की इथेच अडकते."

मशीनचा बीप वाजला, सिस्टर आली, नळी नीट केली. एस्तेरने पुन्हा डोळे मिटले. त्यानंतर तिने हा विषय माझ्याजवळ काढला नाही. झैनबशी मात्र ती दर शुक्रवारी व्हिडिओवर बोलायची, खोलीचं दार लावून. बोलून झालं की बाहेर येऊन चहा मागायची. सांगितलं नसणार, हे तिच्या तोंडावरूनच मला कळायचं.

ती गेली त्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिचा फोन वाजला. योएलने घाबरून उचललाच नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा वाजला. झैनबला कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत? शेवटी योएलने शौकतभाईंना विनंती केली. हे त्याचे जुने सहकारी, कल्याणचेच कोकणी मुसलमान, तरुणपणी जेद्दाला नोकरी केलेले. म्हणाले, "सुदानी लोकांबरोबर एका खोलीत राहिलेलो मी, त्यांची बोली समजते मला. पण अशी बातमी कधी सांगितली नाही हो." तरी ते आले. त्या शुक्रवारी आम्ही तिघं एस्तेरच्या खोलीत बसलो आणि फोन लावला.

पडद्यावर एक सुरकुतलेला, रुंद चेहरा आला. आमचे परके चेहरे बघून तिला कळलंच असावं. शौकतभाई खाली मान घालून बोलले. तिने तोंडावर हात ठेवला. मग तिने काही विचारलं. शौकतभाई माझ्याकडे वळले, "विचारतायत, तिला अंघोळ कोणी घातली?"

"मी," मी म्हटलं. "केस पण मीच विंचरले. सांगा त्यांना."

तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. मग सावकाश बोलायला लागली, थांबत थांबत, आणि शौकतभाई वाक्य वाक्य मराठीत आणत गेले. "त्या म्हणतायत... माझ्या मुलीने तिच्याकडे काही मागितलं होतं, ते मला माहीत आहे. त्याच संध्याकाळी हलिमाने घरी येऊन सांगितलं. मी मुलीला मारलं. कित्येक दिवस बोलले नाही. मग मला वाटलं, ह्या परक्या बाईला माझी मुलगी घेऊन जाता आली असती. तिने घरी परत पाठवली. म्हणून भिंत पडली तेव्हा मी तिला आत घेतलं. नेली असती तर मी दार उघडलं नसतं. हे पण खरं आहे."

योएल माझा दंड घट्ट धरून बसला होता. झैनब पुन्हा बोलू लागली. ह्या वेळी शौकतभाईंनी मध्ये थांबून चष्मा काढला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत... आता म्हातारपणी कधी कधी वाटतं, नेली असती तर मुलगी जिवंत असती. माझ्यापासून तुटली असती, पण असती. हे मी एस्तेरला कधी बोलले नाही. तिला ऐकवलं नसतं."

एस्तेरने जे पोटात ठेवून जीव झुरवला, तेच ही बाई तिकडे पोटात ठेवून बसली होती, आणि दर शुक्रवारी दोघी एकमेकींना तब्येत विचारत होत्या. सांगावं की नको, मला ठरवता येईना. मग मी म्हटलं, "शौकतभाई, त्यांना सांगा, एस्तेरलाही हेच वाटायचं. शेवटपर्यंत."

त्यांनी सांगितलं. झैनबने डोळे मिटले. तिच्या मागे कैरोतल्या त्या खोलीत कोणाचं तरी लहान मूल रडत होतं, तिने हाताने त्याला गप्प केलं. मग तिने विचारलं, एस्तेर कुठे झोपायची? मी फोन फिरवून दाखवलं. कॉट, औषधांचं टेबल, खिडकीची ग्रिल, दोरीवरचा टॉवेल. योएलने अजून काही हलवलेलं नव्हतं. उशीपाशी आल्यावर ती म्हणाली, इथेच ठेवा, आणि तुम्ही जरा बाहेर जाल का?

मी फोन उशीला टेकवून उभा केला. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत आलो, दार लोटून घेतलं. वहिनींनी चहा आणला. आतून झैनबचा आवाज येत होता, कधी चढणारा, कधी नुसता पुटपुटणारा. ती भांडत होती की समजूत काढत होती, मला आणि योएलला कळायला मार्ग नव्हता. शौकतभाईंना मात्र शब्द न् शब्द कळत असणार. त्यांनी कप खाली ठेवला, उठले, आणि खडखडणाऱ्या पंख्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.